उत्तर कुणी द्यायचं? रोजगार, एसटी, घरकुल आणि दवाखाना यांच्या निमित्ताने नागरिकशास्त्राचा एक पाठ



इयत्ता सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन, शहरी स्थानिक शासन आणि जिल्हा प्रशासन असे पाठ आहेत. मुलं ते पाठ करतात. सरपंच कोण, गटविकास अधिकारी कोण, मुख्य कार्यकारी अधिकारी कोण, याची उत्तरं परीक्षेत बरोबर येतात. पण वर्गात एक साधा प्रश्न टाकून बघा: "आपल्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर आल्या नाहीत तर कुणाला विचारायचं?" बहुतेक मुलं म्हणतील, "सरपंचाला." काही म्हणतील, "आमदाराला." एखादा सरळ "मोदींना" असंही सांगेल! यात मुलांचा दोष नाही. घरी मोठी माणसंही असंच म्हणतात: "सरकार काही करत नाही." पण सरकार म्हणजे नक्की कोण, कोणतं कार्यालय, कोणत्या टेबलावरचा माणूस, हे ठाऊक नसेल तर तक्रार हवेत विरून जाते.

म्हणून हा पाठ. यात उदाहरणं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली घेतली आहेत. इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी आपापल्या गावाची नावं घालून तोच पाठ घ्यावा.

उत्तरदायित्व म्हणजे काय?

शब्द मोठा आहे, पण अर्थ घरातलाच आहे. आईने पिशवी आणि शंभर रुपये देऊन दुकानात पाठवलं, तर परत आल्यावर तीन गोष्टी सांगाव्या लागतात: काय आणलं, किती पैसे लागले, उरलेले कुठे आहेत. आणि सामान आणलंच नसेल तर का नाही आणलं, तेही सांगावं लागतं. सरकारचंही तसंच आहे. पैसा आपला, काम आपलं, म्हणून हिशेबही आपल्याला मिळाला पाहिजे.

मुलांना उत्तरदायित्वाचे चार प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत:

१. हे काम कुणाचं आहे?
२. ते किती दिवसांत व्हायला हवं?
३. त्याचा हिशेब कुठे लिहिलेला असतो?
४. झालं नाही तर वर कुणाकडे जायचं?

या चार प्रश्नांची उत्तरं ज्याला देता येतात, तो नागरिक. नुसती चिडचिड करणारा माणूस चहाच्या टपरीवर दमतो आणि घरी जातो.

आपल्या जिल्ह्याचं या विषयाशी जुनं नातं आहे

जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावात ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांचा जन्म झाला. रयतेचं गाऱ्हाणं स्वतः ऐकून घेणाऱ्या राज्यकर्त्या म्हणून त्यांची ओळख आहे. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. नाव मिळालं म्हणजे त्या गुणाची आठवण ठेवणंही आलंच.

दुसरं उदाहरण पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात जी चळवळ झाली, तिचं नेतृत्व अण्णा हजारे यांनी केलं. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांचं उपोषण सुरू झालं आणि त्याच दिवसांत राज्याच्या माहिती अधिकार कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर २००५ पासून, सगळ्या देशाचा माहिती अधिकार कायदा लागू झाला. म्हणजे ज्या कायद्याने देशातला कोणताही माणूस कार्यालयात जाऊन "कागद दाखवा" म्हणू शकतो, त्या कायद्याच्या मुळाशी आपल्या जिल्ह्यातलं एक दुष्काळी गावही आहे. हे मुलांना आवर्जून सांगा. अभिमान वाटतो त्यांना.

तिसरं उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, त्यातून किती पाणी हाताशी आहे, पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती, हे गाव ग्रामसभेत बसून ठरवतं. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची नाहीत, हेही तिथेच ठरतं. हिशेब सगळ्यांसमोर मांडला की भांडण कमी होतं. उत्तरदायित्वाचा हा अगदी डोळ्यांनी दिसणारा नमुना आहे.

आता चार सेवा एकेक करून बघू.

१) रोजगार: मागितल्याची पोच हवी

१९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी भोगलाय. खडी फोडायला, पाझर तलावावर, रस्त्याच्या मातीकामावर माणसं गेली. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे शासनाचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं महाराष्ट्राने मान्य केलं. पुढे २००५ साली देशाने हीच कल्पना उचलून राष्ट्रीय कायदा केला.

शिक्षकांना एक गंमत सांगतो. आपल्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? वर्षाचे झाले २५०० रुपये. हा कर १९७५ साली सुरू झाला तोच रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून. म्हणजे शहरातल्या आणि नोकरीतल्या माणसाच्या खिशातून गावातल्या मजुराच्या हाताला काम, असा तो विचार होता. त्यामुळे "रोजगार हमीशी आपला काय संबंध" असं कुणी शिक्षकाने तरी म्हणू नये.

आता उत्तरदायित्व कुठे येतं ते बघा. २००५ च्या कायद्याने कुटुंबाला वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा, असंही त्यात लिहिलं. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? काम मागितल्याच्या तारखेपासून. आणि ती तारीख सिद्ध कशाने होणार? अर्जाच्या पोचेने. तोंडी मागितलेल्या कामाला तारीख नसते, आणि तारीख नसली की हमी कागदावरच राहते. काळाप्रमाणे योजनांची नावं बदलतात, दिवस कमीजास्त होतात, पण पोच मागायची सवय कधी जुनी होत नाही.

हा विषय आपल्या शाळांना थेट भिडतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर नाव राहतं, बाक रिकामा राहतो. एकीकडे प्रवरानगरला देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, आणि त्याच जिल्ह्यातलं मूल कोयत्यामागे गाव सोडून जातं. अशा मुलांसाठी २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते. तुमच्या वर्गातली किती मुलं स्थलांतर करतात आणि त्यांतल्या किती जणांच्या पालकांना या योजनेची माहिती आहे, एवढी दोन आकड्यांची नोंद जरी आपण ठेवली, तरी समाजकल्याण कार्यालयात विचारायला ठोस प्रश्न तयार होतो.

२) एसटी: पास आहे, पण गाडी आहे का?

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती अहमदनगर ते पुणे या मार्गावर. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. "गाव तिथे एसटी" हे ब्रीद नंतरचं, पण त्याची पहिली फेरी आपल्या नगरहून सुटली.

आज सवलती बऱ्याच आहेत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी मोफत पास मिळतो, आणि त्या योजनेला नाव अहिल्याबाई होळकर यांचंच आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. हे सगळं चांगलंच आहे.

पण माझ्या वर्गातून पाचवी पास होऊन पुढच्या शाळेत गेलेली एक मुलगी मला म्हणाली, "सर, पास आहे, पण गाडी साडेअकराला येते. शाळा अकराला भरते." या एका वाक्यात अख्खा पाठ आहे! योजना जाहीर होणं वेगळं आणि सेवा हातात पडणं वेगळं. किती मुलींना पास दिले, हा आकडा कागदावर छान दिसतो. त्यांतल्या किती मुली वेळेवर शाळेत पोहोचल्या, हा आकडा कुणी विचारत नाही. तो आपण विचारायचा.

कुणाला? फेऱ्यांचं वेळापत्रक आगार पातळीवर बघितलं जातं. म्हणून पहिलं पत्र आगार व्यवस्थापकांना, त्यानंतर विभाग नियंत्रकांना. पत्रात काय असावं? विद्यार्थिनींची संख्या, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, सध्याच्या फेरीची वेळ आणि हवी असलेली वेळ. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव. "गाडीची गैरसोय होते, कृपया दखल घ्यावी" अशा पत्राला "नोंद घेतली आहे" असंच उत्तर येतं. आकडे आणि वेळा लिहिलेल्या पत्राला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

३) घरकुल: यादीत नाव का नाही?

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात घरासाठी १ लाख २० हजार रुपये, शौचालयासाठी वेगळे १२ हजार, आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, असं मूळ गणित होतं. घराचं क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर. २०२५ मध्ये राज्य शासनाने आपल्याकडून यात आणखी ५० हजारांची भर घालण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. शिवाय रमाई, शबरी अशा वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या योजना आहेत.

गावात सगळ्यात जास्त बोलणं होतं ते या यादीवरून. "त्याला दोन मजली घर असून मिळालं, आमचं पत्र्याचं तरी नाही." खरं-खोटं बाजूला ठेवा. यादी ग्रामसभेसमोर वाचून दाखवणं आणि तिच्यावर हरकती घेणं, ही सोय योजनेतच आहे. पण ज्या दिवशी यादी वाचली गेली त्या दिवशी आपण कुठे होतो? ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. हजारोंच्या गावात शंभर माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि पुढच्या सभेत मोजक्या लोकांसमोर निर्णय होतात. मग वर्षभर पारावर चर्चा!

घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत. पाया, भिंती, छत अशा टप्प्यांनी हप्ते येतात आणि प्रत्येक टप्प्याला फोटो लागतो. हप्ता अडला तर विचारायचं ठिकाण म्हणजे आधी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), नंतर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, आणि त्यावर जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा. पायऱ्या सोडून एकदम वर गेलं की कागद फिरून खालीच येतो, हे पालकांना समजावून सांगा.

४) आरोग्य: प्रश्न आधी विचारायचा असतो

सर्वसाधारण भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना एक. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण ५ हजार आणि ३ हजार. म्हणजे कर्जत-श्रीगोंद्याचा हिशेब वेगळा आणि अकोल्याच्या आदिवासी पट्ट्याचा वेगळा. मुलांना गणिताच्या तासाला हा हिशेब करू द्या: आपल्या केंद्राला जोडलेली गावं कोणती, लोकसंख्या किती, प्रमाणाप्रमाणे केंद्र पुरेसं आहे का?

इथे एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. तक्रार चुकीच्या दारात गेली की आठवडे वाया जातात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचे पैसेही नाहीत. हेही अजून पुष्कळांना माहीत नाही.

आता एक जड गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ कोरोना रुग्णांचा जीव गेला. दिवाळीचे दिवस होते. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली होती, आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले होते. नगरच्या घटनेनंतर चौकशी झाली, निलंबनंही झाली. पण गेलेली माणसं परत आली नाहीत.

मोठ्या मुलांना हे सांगताना भीती घालू नका, एवढंच दाखवा: घटनेनंतर विचारलेल्या प्रश्नातून दोषी सापडतो, घटनेआधी विचारलेल्या प्रश्नातून माणूस वाचतो. "तपासणी झाली का? त्रुटी कोणत्या निघाल्या? त्या कधी दुरुस्त होणार?" हे तीन प्रश्न आधी विचारायचे असतात. आणि सुरुवात आपल्या शाळेपासून करा. शाळेच्या भिंतीवर अग्निशामक नळकांडं असेल, त्यावरची पुनर्भरणाची तारीख मुलांना वाचायला लावा. तारीख उलटून गेली असेल तर मुलंच मुख्याध्यापकांना पत्र लिहितील. पाचवीच्या मुलाला जमेल असं हे काम आहे.

निवडून आलेला माणूसच नसेल तर?

आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक न झाल्याने पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. राज्यात बहुतेक ठिकाणी हीच स्थिती होती. प्रशासक वाईट काम करतात असं अजिबात म्हणायचं नाही. अनेक ठिकाणी कामं वेगाने झाली. पण प्रशासक वर शासनाला उत्तर देतो, गटातला सदस्य खाली मतदाराला उत्तर देतो. सदस्य रस्त्यात भेटतो, लग्नात भेटतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो. तो दुवा तुटला की उपकेंद्राच्या कुलपाबद्दल सर्वसाधारण सभेत उभं राहून बोलणारं कुणी नसतं. या काळात पाचवीत असलेलं मूल आठवीत गेलं आणि "जिल्हा परिषद सदस्य" हा शब्द त्याने फक्त पुस्तकात वाचला. स्थानिक निवडणुका वेळेवर होणं का महत्त्वाचं आहे, हे यावरून मुलांना पटकन कळतं.

प्रश्न विचारायची तीन साधनं

पहिलं, ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. लिहिलं गेलं नाही तर तो प्रश्न विचारलाच गेला नाही असं समजा.

दुसरं, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार आणि अपील कुणाकडे, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावावा लागतो. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

तिसरं, माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. उत्तर ३० दिवसांत. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर नाही मिळालं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. उशिराबद्दल दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड. आपल्या राज्यात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. आणि हो, या कायद्याने कागद मिळतो, मत मिळत नाही. "रस्ता का केला नाही?" याला उत्तर येणार नाही. "या रस्त्याच्या कार्यारंभ आदेशाची प्रत द्यावी" याला प्रत द्यावी लागते.

प्रश्न कसा धारदार करायचा याचा नमुना बघा:

• कच्चा प्रश्न: रस्ता कधी होणार?
• पक्का प्रश्न: या रस्त्याला मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली, काम पूर्ण करण्याची मुदत कोणती, आणि आजपर्यंत किती रक्कम दिली?

• कच्चा प्रश्न: दवाखान्यात औषधं का नसतात?
• पक्का प्रश्न: मागच्या महिन्यात कोणती औषधं संपली होती, मागणी कधी केली आणि पुरवठा कधी झाला?

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. फलक वाचन: रस्त्याच्या कामावरचा फलक मुलांनी वहीत उतरवावा. लांबी, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधी. मग गणित. समजा फलकावर लांबी ३.२ किलोमीटर आणि रक्कम १ कोटी ९२ लाख आहे, तर एका किलोमीटरला किती? उत्तर ६० लाख. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते. दुसऱ्या वर्षी खड्डा पडला तर तो कुणी बुजवायचा, हे मुलं स्वतः सांगतील.

२. जबाबदारीचा तक्ता: सेवा, जबाबदार कार्यालय, मुदत, वरचे कार्यालय असे चार रकाने. एका गटाने एसटी, दुसऱ्याने दवाखाना, तिसऱ्याने घरकुल, चौथ्याने रोजगार.

३. अभिरूप ग्रामसभा: एक सरपंच, एक ग्रामपंचायत अधिकारी, बाकी गावकरी. नियम एकच: प्रश्नात आकडा किंवा तारीख हवी, आणि उत्तर देणाऱ्याला "बघू" हा शब्द वापरता येणार नाही. मुलं खूप हसतात, पण शिकतात.

४. पत्रलेखन: भाषेच्या तासाला आगार व्यवस्थापकांना पत्र. मसुदा मुलांचा, पाठवायचं असेल तर सही पालकांची.

शिक्षकांच्या मनातली शंका

"हे राजकारण नाही का? नोकरीत अडचण येईल." ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. आपण जिल्हा परिषदेचे नोकर आहोत, वर्तणूक नियम आपल्याला लागू आहेत. म्हणून तीन मर्यादा पाळाव्यात. पक्षाचं नाव घ्यायचं नाही. व्यक्तीवर आरोप करायचा नाही. आणि मुलांच्या हातून कुठलीही तक्रार परस्पर पाठवायची नाही. सहावीच्या पुस्तकातलं जिल्हा प्रशासन शिकवताना ते गावात कुठे आहे हे दाखवणं, हे आपलं कामच आहे.

पालकांची अडचण वेगळी असते. सरपंच भावकीतला, ग्रामपंचायत सदस्य शेजारचा, उद्या पाण्याची पाळी त्याच्याशीच वाटून घ्यायची. विचारायचं कसं? त्यावर उपाय एकट्याने न विचारण्याचा आहे. महिला ग्रामसभेत पाचजणींनी मिळून विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून विचारलं, की तो प्रश्न गावाचा होतो.

आणि शेवटचं, आपल्याबद्दल. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असा नियम आहे. मुलांना हिशेब विचारायला शिकवलं की ती पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतील: "सर, शाळेला आलेल्या अनुदानाचं काय झालं? मागच्या महिन्यात पोषण आहारात केळी किती वेळा दिली?" त्या दिवशी आपल्या कपाळाला आठी पडली, तर हा सगळा पाठ फुकट गेला. म्हणून हा पाठ घेण्याआधी शाळेच्या अनुदानाचा जमाखर्च एका कागदावर लिहून सूचना फलकावर लावा. मुलांना तो वाचून दाखवा आणि विचारा, "यात काही समजलं नाही असं कुणाला वाटतं का?" पहिला हात वर आला की पुढे शिकवायला सुरुवात करा.

आपल्या शाळेत हा उपक्रम घेतलात तर मुलांनी तयार केलेले पक्के प्रश्न जरूर कळवा. इतर शाळांनाही ते उपयोगी पडतील.